दाण्यातली काळी फुली

वरचा निकोल दुरुस्तीला दिलाय, असं तात्यांनी सांगितलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. निकोल म्हणजे काही घड्याळ नव्हे, की त्याची कमान तुटावी. बोटाच्या पेराएवढा स्फटिक, पितळी नळीत बसवलेला आणि मखमलीच्या पेटीत ठेवलेला. तो बिघडणार कसा? आणि बिघडायचाच होता तर नेमका त्याच आठवड्यात, जेव्हा सगळ्या गिरणीत त्याच्याइतकी गरज दुसऱ्या कशाचीच नव्हती?

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. गिरगावातल्या आमच्या घरी दूध आलं की त्याचा थेंब मी नखावर घेऊन ओघळतो कसा ते पाहते. वाण्याने पाठ फिरवली की बांधलेली पुडी सोडून बघते. आई म्हणायची, "हिला नवरा मिळाला तर त्याचीही स्लाइड करून बघेल ही." नवरा मिळायचा होता, पण बी.एस्सी. झाल्याबरोबर नोकरी मिळाली. लालबागच्या एका कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत. तिथे संशय घेण्याचाच पगार देतात हे पाहून मला फार बरं वाटलं.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक मोठी खिडकी आणि तात्या. तात्या आमचे मुख्य केमिस्ट. राहायला दादरला. धोतर सोडून पॅंटीत आलेले, पण काळी टोपी काही सुटली नव्हती. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना तात्याच म्हणत. गिरणीत बाईमाणूस कशाला, अशी कुरकूर चालली असताना मला त्यांनीच घेतलं आणि ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शकही त्यांनीच शिकवला. त्या यंत्राचं मला वेडच लागलं.

त्याची गंमत अशी. साधा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. काचपट्टीच्या खाली एक निकोल असतो, तो त्यातली एकाच दिशेची थरथर पुढे सोडतो. दुसरा निकोल वर, डोळ्याजवळ. तो पहिल्याला आडवा फिरवला की उरलेला प्रकाशही अडतो. उभ्या गजांतून फळी उभी धरून आत सरकवली, पण पुढच्या खिडकीचे गज आडवे निघाले तर ती तिथे अडकणारच, तसं. नळीतून पाहावं तर मिट्ट काळोख. आता मधल्या काचपट्टीवर एखादी वस्तू ठेवा. काही वस्तू त्या थरथरीची दिशाच बदलतात आणि काळोखात उजळून दिसतात. कापसाचा तंतू उजळतो, रेशीम उजळतं, वाळूचा कण तर रंग उधळतो. कच्च्या स्टार्चचा दाणा पांढरा उजळतो आणि त्याच्या मधोमध एक काळी फुली दिसते. पीठ शिजलं की दाणा फुगून फुटतो, आणि मग फुलीही नाही नि उजेडही नाही. काच मात्र काहीच करत नाही. ती काळोखात काळोख होऊन बसते.

एवढं सांगायचं कारण म्हणजे त्या जानेवारीत एका माणसाचा जीव ह्याच गोष्टीवर टांगणीला लागला होता.

त्याचं नाव कोंडीराम. सायझिंग खात्यात खळ शिजवायचा. ताण्याचं सूत मागावर चढवण्याआधी गरम खळीतून काढावं लागतं, नाहीतर ते विणताना तुटतं. ही खळ मक्याच्या स्टार्चची, माणसाच्या उंचीच्या टाकीत वाफ सोडून शिजवलेली. कोंडीराम नायगावच्या बी.डी.डी. चाळीतला. त्याच्या जातीच्या माणसांना वीणखात्यात घेत नसत. मागाच्या धोट्यातलं सूत तोंडाने ओढून काढावं लागतं, ते बाटेल म्हणे. खळीच्या टाकीवर त्याला लावला तेव्हाही आमचे वीणमास्तर जयवंतराव यांनी नाक मुरडलं होतं. पण त्या उकाड्यात उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून तो राहिला.

कोंडीरामचा दुसरा लौकिक मांज्याचा. संक्रांत आली की चाळीसमोर दोन खांबांना दोरा ताणून तो त्याला खळ आणि काचेची पूड लावायचा. बाटल्या कुटून, मलमलीतून गाळून केलेली पूड. त्याच्या मांज्यापुढे नायगावपासून शिवडीपर्यंत कुणाचा पतंग टिकत नसे. हे सगळ्या गिरणीला ठाऊक होतं, आणि तेच त्याला भोवलं.

त्या वर्षी संक्रांतीचे पतंग उतरले नाहीत तोच रेडिओवर सांगितलं, मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार. मग गिरणगाव पेटलं. हरताळ, मोर्चे, संचारबंदी, गोळीबार. गिरगावात आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. हरताळाच्या त्या मुख्य दिवशी शहरातल्या गिरण्या बंद होत्या, पण आमच्या गिरणीचा भोंगा वाजला आणि धुराडं धूर ओकत होतं, असं नंतर ऐकलं. गिरणीने सरकारला कळवलं, आमच्याकडे हरताळ फसला, सगळे कामगार हजर होते. मला तेव्हाच हसू आलं. मी स्वतः घरी होते आणि माझीही हजेरी लागली होती.

पुढच्या आठवड्यात त्या दिवशी खळ लावलेलं सूत मागांवर चढलं, आणि चढलं तसं तुटायला लागलं. धाग्यांवर बारीक, टोकदार, चमकते कण. जयवंतरावांनी ते बोटांत चोळले आणि सगळ्या खात्यासमोर म्हणाले, "काच आहे ही. हरताळवाल्यांचा घातपात. खळीत काच कोण टाकणार, हे मी सांगायला हवं का?"

नाव न घेताच सगळ्यांना कळलं.

मॅनेजरने प्रयोगशाळेकडून अहवाल मागवला, सोमवारी सकाळी दहाच्या आत. अहवालात काच निघाली की कोंडीराम पोलिसांच्या ताब्यात. ते दिवस असे होते की आत गेलेला माणूस कधी आणि कसा बाहेर येईल, ते त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

आणि आमचा निकोल दुरुस्तीला गेला होता.

"साध्या उजेडात बघ की," तात्या म्हणाले. मी बघितलं. कण पारदर्शक होते, कोपरे धारदार. काच असेल. पण मक्याच्या स्टार्चच्या दाण्यालाही कोपरे असतात.

"आयोडीन टाकून पाहू?"

"सगळं सूत खळीत बुडालेलं. सगळंच निळं होईल, काय कळणार?"

"मग जाळून पाहू. काच असेल तर मागे राहील."

"खळीत चिनी माती असते, बाई. राख उरणारच."

दोन्ही उत्तरं बरोबर होती. मला खटकलं ते हे, की ती तयार होती. एरवी तात्यांना साधा प्रश्न विचारला तरी ते आधी चष्मा पुसत, मग टोपी काढत, मग बोलत.

"तात्या, निकोल कुणाकडे दिलाय?"

"फोर्टात."

"फोर्टात कुणाकडे? मी जाऊन घेऊन येते. संचारबंदी उठलीय आता."

"कालिंदी, तू पोलीस आहेस का?" ते एकदम ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग स्वतःच दचकून खिडकीकडे बघू लागले. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलं, आणि म्हटल्याबद्दल मला वाईटही वाटलं.

शनिवारी सुटल्यावर फाटकाबाहेर एक बाई उभी होती. ठसठशीत कुंकू, पदर घट्ट खोचलेला.

"तुम्हीच ना त्या दुर्बिनीवाल्या बाई? मी बकुळा. कोंडीरामची घरवाली." तिने माझा हात धरला नाही, पण वाट अडवली. "त्यांनी काच नाय घातली, बाई. पोरांच्या शप्पथ."

"शपथ घेऊन काय होणार? त्या दिवशी तो टाकीवर होता ना?"

"नव्हतेच. गावाला गेलते."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, "मला त्याला भेटायचंय. आणि तुमचा मांजा हवाय. तपासायला." मांजा म्हटल्यावर तिचा चेहरा उतरेल अशी माझी अटकळ होती. तो उतरला नाही.

चाळीत कोंडीराम खाटेवर बसला होता. रुंद खांद्यांचा, हातांवर वाफेने भाजल्याचे जुने डाग. मला बघून उठून उभा राहिला आणि खाट पुसली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली फळीवर रंगीत मांज्याची रिळं.

"कोंडीराम, हरताळाच्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"घरीच होतो, बाई. बाहेर पडायची सोय कुठं होती?"

बकुळा चुलीशी पाठमोरी होती. तिची पाठ ताठ झाली. गाव आणि घर, एका दिवसाला दोन ठिकाणं. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी काही बोलले नाही. संशयी माणसाने आपलं शहाणपण लगेच उघड करू नये.

"मांजा द्याल का थोडा?"

"थोडा कशाला? अख्खं रीळ न्या." त्याने फळीवरचं सगळ्यात मोठं रीळ काढून माझ्या हातात ठेवलं. "काच हाय त्याच्यात. नाय कुठं म्हनतो मी? पन ती पतंगाला हाय, बाई. मानसाच्या कापडाला काच कोन लावंल?"

परत येताना माझं डोकं भणभणत होतं. तात्या खोटं बोलत होते, हे मला दिसत होतं. कोंडीरामही खोटं बोलत होता, तेही दिसत होतं. मग दोघांतला कोणता खोटारडा निर्दोष, हे ठरवायचं कसं? निकोल हवा होता. कॉलेजची प्रयोगशाळा दंग्यामुळे बंद. दुसऱ्या गिरणीत मागायला जावं तर तासाभरात तात्यांच्या कानावर.

रविवारी दुपारी मी गॅलरीत आले तर माझी वहिनी नलू कठड्याला टेकून, मान वाकडी करून समोरच्या इमारतीकडे टक लावून बसली होती. डोळ्यांवर पुठ्ठ्याचा काळपट चष्मा. दोन-तीन वर्षांपूर्वी एक अंगावर धावून येणाऱ्या चित्रांचा सिनेमा लागला होता, त्याला जाताना दारात असे चष्मे द्यायचे आणि येताना परत घ्यायचे. वहिनीने तो परत केला नव्हता.

"काय बघतेस गं?"

"समोरच्यांची सून. ह्यातून मान अशी तिरकी केली ना, की त्यांच्या खिडकीच्या काचेवरची चकाकी जाते आणि आतलं सगळं स्वच्छ दिसतं. आत्ता कपाट उघडतेय बघ, सासू झोपलीय तेवढ्यात."

मी तिच्या डोळ्यांवरून चष्मा ओढूनच घेतला. काचेवरून परतलेला प्रकाश पुष्कळसा एकाच दिशेने थरथरतो. तो अडतो म्हणजे ही भिंगं निकोलचंच काम करतायत. मी चष्मा मधोमध फाडला आणि डावी फिल्म उजवीवर ठेवून आकाशाकडे धरली. दोन्हींतून मिळून काही दिसेना. सिनेमात डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला दिसू नये म्हणून त्या एकमेकींना आडव्याच लावलेल्या असतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"अगं, माझा चष्मा!" वहिनी ओरडली.

"तुला नवा सिनेमा दाखवीन," म्हटलं आणि मी तो पर्समध्ये टाकला.

सोमवारी मी कामगारांच्या पहिल्या पाळीबरोबरच गिरणीत शिरले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. सूक्ष्मदर्शक खिडकीशी आणला, आरसा उजेडाकडे फिरवला. खालचा निकोल जागेवर होताच. डोळ्याच्या भिंगावर चष्म्याचा एक तुकडा ठेवला आणि तो बोटाने फिरवत राहिले. उजेड मंद होत गेला आणि विझला.

आधी मांजा. धागा जरीसारखा उजळला, पण त्याच्या अंगावरची काच कुठे दिसेना. फक्त कुठे कुठे धाग्याच्या उजेडाला काळे चावे घेतलेले. वरचा तुकडा काढला की धारदार कण हजर, ठेवला की गायब. काच अशी वागते. ठीक.

मग गिरणीचं सूत.

काचपट्टी सरकवली आणि मी श्वास रोखून धरला. धाग्याच्या दोन्ही बाजूंना, खळीच्या थरात, पांढरे लखलखीत दाणे खच्चून भरले होते, आणि प्रत्येक दाण्यात काळी फुली. एकही कण काळोखात दडलेला नव्हता. काच नव्हतीच. कच्चं, न शिजलेलं पीठ होतं, वाळून कडक झालेलं. मला इतका आनंद झाला की एकटीच हसले. त्या दाण्यांइतकं सुंदर मी आजवर काही पाहिलं नव्हतं.

"दिसलं?" मागून आवाज आला.

तात्या दारात उभे होते. टोपी हातात. ते आत आले, मला बाजूला सारून नळीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून निकोल.

"फोर्टात," मी म्हणाले.

"बोल. बोलून घे." ते स्टुलावर बसले. "हरताळाच्या दिवशी मॅनेजरने गाडी पाठवली दादरला. म्हणाले, धूर निघाला पाहिजे, एक मशीन चाललं पाहिजे. जयवंतराव मशीनवर, मी टाकीवर. केमिस्ट ना मी! खळ शिजवणं म्हणजे काय, पिठात पाणी नि वाफ. पण बॉयलरवर धड माणसं नव्हती, वाफेला जोर नव्हता. खळ पातळ झाली. मग मी वरून पीठ टाकलं. पिठलं पातळ झालं की घरात टाकतात तसं. ते शिजलंच नाही."

"आणि कोंडीरामला काचवाला ठरवलंत."

"मी नाही. जयवंतराव बोलून गेले, आणि मी नाही म्हटलं नाही. त्यांना काय, सुंठीवाचून खोकला जात होता. मला वाटलं, तू एकदा फुल्या पाहिल्यास की विचारशील टाकीवर कोण होतं. मग अख्खी गिरणी हसेल. केमिस्टला खळ शिजवता येत नाही." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "कच्चं पीठ लिही अहवालात. घातपात नाही म्हणजे पोलीस नाहीत. बाकीचं मी बघतो."

ज्या माणसाने मला बघायला शिकवलं, त्यानेच माझे डोळे बांधले होते. मला भयंकर राग आला होता. आणि बाकीचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही, तेही माझ्या लक्षात राहिलं.

दहा वाजता मॅनेजरच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मॅनेजर टेबलामागे, जयवंतराव आणि तात्या खुर्च्यांवर, मी अहवाल घेऊन उभी, आणि दाराशी कोंडीराम, पायातल्या चपला बाहेर काढून आलेला. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

मी वाचलं. काच नाही, कच्चा स्टार्च. जयवंतरावांनी छताकडे पाहिलं. मॅनेजरला आश्चर्य वाटल्याचं काही मला दिसलं नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे घातपात नाही, हलगर्जी आहे. कोंडीराम, पीठ कच्चं राहिलं. आता एवढंच म्हण, त्या दिवशी टाकीवर मी होतो, माझं चुकलं. मी समज देऊन सोडतो. पोलीस नाहीत, चौकशी नाही. नोकरी राहील."

तेव्हा मला सगळं कळलं. गिरणीने सरकारला सांगितलं होतं, सगळे हजर होते. कोंडीरामही त्या हजेरीत होता. खळ बिघडली तर ती हजर असलेल्या माणसानेच बिघडवायला हवी, नाहीतर सगळी बतावणी उघडी पडते. त्या दिवशी टाकीशी खरोखर उभी असलेली माणसं इथे खुर्च्यांवर बसली होती, आणि ती एकमेकांकडे बघत नव्हती. मी तात्यांकडे पाहिलं. ते टोपीची कड चाचपत होते. बाकीचं बघतो ते हेच, असं माझ्या मनाने घेतलं.

कोंडीरामने हात जोडले. मला वाटलं, संपलं. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

"साहेब, चुकलं म्हनतो," तो म्हणाला. "पायजे तर धा येळा म्हनतो. पन टाकीवर होतो, असं नाय म्हननार."

"अरे, नोकरी वाचतेय तुझी!"

"व्हय, कळतंय."

"मग कुठे होतास?"

कोंडीरामने जोडलेले हात खाली सोडले. "नाक्यावर. मोर्च्यात. गोळ्या सुटल्या तवा शिवा माझ्या बाजूला होता. आमच्या चाळीतला, माझ्या बरोबरीचा. त्याच्या पोटात लागली. त्याला पाठीवर घेतला आन् हास्पिटलाकडं पळालो. वाटंतच गेला तो. त्याची आई रोज मला इचारती, शेवटाला काय बोलला, पानी मागितलं का." त्याने मान वर केली. "मी हितं होतो असं म्हटलं, साहेब, तर त्याच्याजवळ कोन होतं?"

घर आणि गाव ही दोन खोटी उत्तरं का होती, तेही मला तेव्हा समजलं. गोळीबाराच्या जागेवरच्या माणसांना पोलीस अजून शोधत होते. आणि ह्या माणसाने ते पोलिसांचं भय असताना, नोकरी वाचत असताना, भर खोलीत सांगून टाकलं होतं. माझे डोळे भरून आले.

मॅनेजरने फोन उचलला. "म्हणजे दंग्यात होतास. मग हे माझ्या हातात नाही."

"फोन ठेवा, साहेब," तात्या म्हणाले.

ते उभे राहिले होते. टोपी खाली पडली होती.

"तात्या, बसा."

"टाकीवर मी होतो."

"तात्या, तुम्हाला बरं नाही. बसा म्हणतोय ना."

मला खात्री होती, ते बसणार. निकोलची खोटी दुरुस्ती, तयार उत्तरं, आठवडाभराची चुप्पी, हे सगळं मी पाहिलं होतं, आणि माझ्या संशयाने मला आजवर फसवलं नव्हतं. ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले, पण बसले नाहीत.

"पोलीस आले तर मी त्यांना सांगेन, वरून पीठ मी टाकलं," ते म्हणाले. "आणि हेही सांगेन, की त्या दिवशी ह्या गिरणीत तुम्ही, मी, जयवंतराव, बॉयलरवाला आणि फाटकावरचा दरवान, एवढेच होतो. लिहूनही देईन. कालिंदी, लिहून घे."

मी टेबलावरचा कागद ओढून घेतला. जयवंतराव "अहो तात्या, अहो तात्या" असं म्हणत राहिले. मॅनेजरने फोनकडे पाहिलं, माझ्या पेनाकडे पाहिलं, आणि रिसीव्हर हळूच खाली ठेवला. "जा कामावर," तो कोंडीरामला म्हणाला. तात्यांची नोकरी आता राहणार नव्हती, हे न बोलताही कळत होतं.

आम्ही तिघं बाहेर आलो. कोंडीरामने चपला पायात सरकवल्या आणि जिन्याकडे निघाला. तात्या घाईघाईने त्याच्यामागे गेले. बोडकं डोकं, विरळ पांढरे केस. मी त्यांना टोपीशिवाय कामगारांच्या जिन्यात कधी पाहिलं नव्हतं.

"कोंडीराम, माझं चुकलं रे."

कोंडीराम पायरीवर थांबला. वळला.

"पीठ कच्चं राहिलं ते ऱ्हाऊ द्या, तात्या. कुनाचं पन राहतं. माझं पन राहिलंय कैक येळा. पन ते मला काचवाला म्हनले आन् तुमी ऐकून घेतलं. तुमाला ठावं होतं, तरी."

तात्यांनी सवयीने टोपीसाठी डोक्याकडे हात नेला. टोपी नव्हती. कोंडीराम थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, मग खाली उतरून टाकीकडे गेला.